वरची मासोळी, खालची मासोळी

'जिरो ड्रीम्स ऑफ सुशी' मी पहिल्यांदा पाहिला तो फोनवर, कुहीतल्या घराच्या गच्चीवर. मे महिना, लाइट गेलेली, फोनमध्ये एकतीस टक्के बॅटरी. डेव्हिड गेल्बचा हा माहितीपट २०११चा. माझ्यापर्यंत तो बऱ्याच उशिरा पोचला, आणि तोही आधी तुकड्यातुकड्यांनी. एक म्हातारा माणूस गंभीर चेहऱ्याने भाताच्या गोळीवर माशाचा काप ठेवतो, ब्रशने सोया सॉस फिरवतो, आणि खाली कुणीतरी लिहिलेलं असतं की यश हवं तर असं राबा. असे दहा-बारा रील पाहिल्यावर एका रात्री म्हटलं, आता पूर्णच बघू.

आई शेजारी अंथरुण घालत होती. तिने पाचेक मिनिटं डोकावून पाहिलं.

"शिजवत नाई का हा?"

"नाही. कच्चीच खातात."

"मंग पानी चांगलं असन त्यायचं," ती म्हणाली आणि कूस बदलून झोपली.

या सिनेमावर त्यानंतर मी बरंच वाचलं. हाताची कला, बाप-लेकाचं नातं, एकाच कामात आयुष्य घालवणं, हे सगळं त्यात होतं. पाण्याबद्दल कुणी बोललेलं सापडलं नाही.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. जिरो ओनो, जन्म १९२५चा. तोक्योच्या गिंझा भागात, मेट्रो स्टेशनला लागून असलेल्या इमारतीच्या तळघरात त्यांचं 'सुकियाबाशी जिरो' हे दुकान. दहा खुर्च्या. मेन्यू कार्ड नाही, जिरो देतील ते आणि देतील त्या क्रमाने खायचं. मिशेलिनने २००७ साली तोक्योची पहिली यादी काढली तेव्हा या दहा खुर्च्यांना तीन तारे मिळाले. २०१४ मध्ये ओबामा तिथे जेवून गेले. २०१९ मध्ये मिशेलिनने हे दुकान यादीतून काढलं. चव बिघडली म्हणून नाही, तर साध्या माणसाला तिथे जागाच मिळेनाशी झाली म्हणून.

सिनेमा सुंदर आहे, यात वाद नाही. फिलिप ग्लासच्या संगीतावर सुरी माशातून सरकते तेव्हा डोळा हलत नाही. पण मला त्यातले धिमे भाग जास्त आवडले. एक शिकाऊ पोरगा सांगतो की अंड्याचा तो गोडसर चौकोनी ऑम्लेट त्याने दोनशेच्या वर वेळा केला आणि दरवेळी नाकारला गेला. एक दिवस जिरो 'चालेल' म्हणाले आणि हा रडला. ऑक्टोपस मऊ व्हावा म्हणून त्याला पाऊण तास हाताने चोळतात. आणि तांदूळवाला! तो हसत हसत सांगतो की एका बड्या हॉटेलने माझ्याकडे हाच तांदूळ मागितला, मी दिला नाही, कारण त्यांना तो शिजवता येणार नाही.

त्या तांदूळवाल्यापाशी मी थांबलो. आमचा पूर्व विदर्भ धानाचा. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडेंनी शेतात एकेक वेगळी लोंबी निवडत एचएमटी हा वाण तयार केला आणि त्याला मनगटी घड्याळाचं नाव दिलं. २०१८ मध्ये ते गेले. त्यांचा तांदूळ आज कुठल्या कुठे विकला जातो. त्यांच्यावर असा माहितीपट असता, सुरीच्या जागी विळा आणि गिंझाच्या जागी बांधी, तर आपण त्याचे रील फिरवले असते का? मला शंका आहे. 'शोकुनिन' हा शब्द आपल्या पोरांना आता पाठ झालाय. आपल्याकडच्या हातांना मात्र आपण अजून मजूरच म्हणतो.

सिनेमाची पहिली उणीव इथेच आहे, आणि ती फक्त आपल्या बघण्यात नाही, त्याच्या रचनेतही आहे. गेल्बला एकटा माणूस हवा आहे. त्या माणसाभोवती त्याने निष्णात व्यापाऱ्यांची फळी उभी केली आहे. ट्यूनावाला, कोळंबीवाला, तांदूळवाला. ट्यूनावाल्याचं म्हणणं असं की लिलावात दहा मासे असले तरी त्यातला सर्वांत चांगला एकच असतो, आणि मी तोच घेतो. मस्त पात्र आहे. हातात बॅटरी घेऊन माशाच्या शेपटीकडच्या मांसाचा रंग बघत फिरतो. पण साखळी तिथे, त्सुकिजीच्या बाजारात, तुटते. मासा पकडणारा माणूस पात्र म्हणून येत नाही. बायका तर जवळजवळ नाहीतच. जिरोंचा मोठा मुलगा योशिकाझू, पन्नाशीला आलेला आणि अजून वडिलांच्या हाताखाली राबणारा, समुद्रातले मासे संपत चालल्याचं बोलून दाखवतो. सिनेमा ते ऐकून घेतो आणि पुन्हा सुरीकडे वळतो. ज्या पाण्यातून हे सगळं येतं त्याची चौकशी होत नाही. जिथे पाणी चांगलं असणार हे गृहीतच आहे, तिथे ती होणारही नाही म्हणा.

नागपूरला जपान तसा नवा नाही. भदंत सुरई ससाई १९६०च्या दशकात इथे आले आणि इथलेच झाले. कामठीचं ड्रॅगन पॅलेस १९९९ मध्ये जपानी मदतीतून उभं राहिलं. शाळेची सहल म्हणजे आमच्यासाठी तेच. ताटातला जपान मात्र आला तो मॉल आणि मोबाइलसोबत. मुंबईत ताजमहाल पॅलेसमध्ये 'वसाबी बाय मोरिमोतो' २००४ मध्येच सुरू झालं होतं. आमच्या वाट्याला सुशी आली ती चायनीज आणि थाई पदार्थांच्या मेन्यूतल्या शेवटच्या पानावर.

पहिल्या पगारानंतर आम्ही तिघे मित्र पश्चिम नागपुरातल्या अशाच एका हॉटेलात गेलो. सॅमनची निगिरी, सॅमनचीच साशिमी, आणि तिसरा मित्र माळकरी घरातला म्हणून काकडीचा रोल. मेन्यूत पनीर टिक्का सुशीही होती. (त्यावर हसू नका, पुढे त्याच्याकडे यायचं आहे.) निगिरी म्हणजे भाताच्या लांबट गोळीवर माशाचा काप. साशिमीत भात नसतोच, नुसता मासा. निगिरी हाताने खाल्ली तरी चालते, जिरोंचे गिऱ्हाईकही खातात. सोया सॉसमध्ये भात बुडवायचा नाही, माशाची बाजू टेकवायची. हे सगळं आम्ही सिनेमातून शिकून गेलो होतो आणि वेटरला ते माहीत नव्हतं, याचा आम्हाला उगाच आनंद झाला.

चव? खरं सांगायचं तर पहिला काप तोंडात गेल्यावर मी वास शोधत होतो. गार, मऊ, तेलकट, किंचित गोड, आणि वास जवळजवळ नाहीच. आमच्याकडे मासोळी म्हणजे आधी वास. बाजारातून पिशवी घरात आली की गल्लीला कळतं. गोड्या पाण्यातल्या माशाला जो चिखलाचा वास येतो तो जिओस्मिन नावाच्या द्रव्याचा. पाण्यातले सूक्ष्म जीव ते तयार करतात, पहिल्या पावसातल्या मातीचा वासही त्याचाच. आंबटाने तो मोडतो. म्हणून चिंच, म्हणून लिंबू, म्हणून आधी हळद-मीठ लावून ठेवणं. त्यावर आमचा सावजी मसाला असा काही बसतो की रोहू खाल्ली की कटला हे काट्यावरूनच ओळखावं. सावजी रस्सा मला प्रिय आहे, पण माशाबद्दल तो काहीच सांगत नाही. साशिमीत लपायला जागा नसते. तिसऱ्या घासाला मला सॅमन कळायला लागला, पोटाकडचा काप पाठीकडच्यापेक्षा वेगळा लागतो हेही कळलं. असं आधी कधी झालं नव्हतं. या अनुभवासाठी आठ तुकड्यांचे सातशे नव्वद रुपये मी पुन्हा देईन.

भात मात्र वाईट होता. फ्रीजमधला, कडक, दाणा दाण्यापासून सुटलेला. जिरोंचा भात अंगाच्या उबेइतका कोमट असतो. सिनेमात त्यावर इतकं बोललंय की न चाखताही फरक कळला. सुशी बिघडते ती बहुतेक वेळा भातात, आणि आपण बोलत बसतो माशावर.

वसाबीबद्दलही एक सांगायला हवं. ताटातली ती हिरवी गोळी बहुधा वसाबी नसते. हॉर्सरॅडिश नावाचं मूळ, मोहरी आणि हिरवा रंग. जगभर असंच चालतं, कारण खरी वसाबी महाग असते आणि किसल्यावर काही मिनिटांत तिचा जोर जातो. ती झणझणते मोहरीसारखी, थेट नाकात, आणि क्षणात विरते. ज्याच्या घरी भिवापुरी मिरची आहे त्याने वसाबीला तिखट म्हणू नये. ते वेगळंच काही आहे. मिरची जिभेवर मुक्कामाला येते, वसाबी नुसती दार वाजवून जाते.

आईसाठी पार्सल घ्यायचं होतं. काउंटरवरच्या पोराने विचारलं, किती लांब जायचं? कुही, चाळीसेक किलोमीटर, एसटीने. त्याने मान हलवली. "सर, कच्चं नका नेऊ." शहाणा मुलगा. काकडीचा रोल नेला.

आईने एक तुकडा चघळला. "भात आंबला हाय," ती म्हणाली. "शिळा दिला तुले."

मी हसलो आणि तिला समजावायला गेलो की व्हिनेगर असतं म्हणून. नंतर वाचत गेलो तसं लक्षात आलं, तिचं निदान माझ्यापेक्षा जुनं होतं. 'सुशी' या शब्दाचा मूळ अर्थच आंबट. आणि सुशी समुद्राकाठी जन्मली नाही. तिचं मूळ धानाच्या शेतात आहे. आग्नेय आशियातल्या भातशेतीच्या मुलखात, पावसाळ्यात बांध्यांत आणि नद्यांत मिळालेली मासोळी वर्षभर टिकवायची कशी, यावरचा तो उपाय होता. मासा खारवायचा, शिजवलेल्या भातात दाबून ठेवायचा. भात आंबतो, त्या आंबटाने मासा टिकतो. खायच्या वेळी भात खरवडून टाकायचा. जपानमध्ये बिवा सरोवराकाठी आजही 'फुनाझुशी' अशीच करतात. गोड्या पाण्यातला मासा, महिनोन्‌महिने भातात मुरलेला, वास भल्याभल्यांना पळवणारा. पुढे भात टाकून न देता खाऊ लागले, मग आंबवण्याऐवजी व्हिनेगर आलं, आणि १८२०च्या दशकात एडो शहरात, म्हणजे आजच्या तोक्योत, हानाया योहेईच्या नावावर सांगितली जाणारी निगिरी आली. रस्त्यावरच्या ठेल्यावर, हातावर घेऊन, उभ्याने खायची. वडापावसारखी.

तानिझाकी या जपानी लेखकाचा 'सावल्यांची स्तुती' या अर्थाच्या शीर्षकाचा १९३३च्या सुमाराचा निबंध आहे, त्यात शेवटाकडे तो एक सुशी कशी करायची ते सांगतो. योशिनोच्या डोंगरातली, खारवलेला मासा भातावर ठेवून पर्सिमनच्या पानात गुंडाळलेली. डोंगरातल्या माणसांची सुशी. समुद्र दूर असलेल्या लोकांनी, आपल्या झाडाच्या पानात. पळसाच्या पत्रावळीवर जेवलेल्या माणसाला यात परकं वाटण्यासारखं काय आहे?

म्हणून पनीर टिक्का सुशीवर हसू नका म्हटलं. 'अस्सल' सुशीची गंमत अशी की ती सतत बदलत आलेली आहे. ज्या सॅमनशिवाय आज सुशीचं दुकान चालत नाही, तो जपानी लोक पूर्वी कच्चा खातच नसत, कारण त्यांच्या सॅमनमध्ये जंत असत. १९८०च्या दशकात नॉर्वेने आपला शेतात वाढवलेला सॅमन विकण्यासाठी जपानमध्ये मोहीम चालवली, तेव्हा कुठे तो भातावर बसला. ट्यूनाच्या पोटाचा चरबीदार भाग आज सर्वांत महाग, एकेकाळी तो मांजरालाही नको असे म्हणत. फिरत्या पट्ट्यावरची सुशी १९५८ मध्ये ओसाकाजवळ सुरू झाली, बिअरच्या कारखान्यातला पट्टा पाहून. तेव्हा पनीर टिक्का सुशी वाईट आहे ती जपानी नाही म्हणून नाही. पनीर कोरडं आणि भात गार असतो म्हणून वाईट आहे. कुणी गरम भातावर नीट करून दाखवली तर मी खाईन.

इथवर लिहून थांबलो असतो तर लेख गोड झाला असता. सुशी आपलीच, धानाच्या शेतातली, भेट घडली. पण आईचं पहिलं वाक्य राहून जातं.

गोड्या पाण्यातला मासा कच्चा खाणं धोक्याचं असतं, हे जगभर ठाऊक आहे. थायलंडच्या ईशान्य भागात आणि लाओसमध्ये कच्च्या मासोळीचा लिंबू पिळलेला खिमा आवडीने खातात. त्यातून यकृतात शिरणारा जंत पित्तनलिकेच्या कॅन्सरपर्यंत नेतो. लिंबाने तो मरत नाही. समुद्रातल्या माशालाही जंत असतात, म्हणून सुशीचा मासा बऱ्याचदा आधी कडक गोठवतात. रेस्टॉरंटमध्ये 'फ्रेश' म्हणून आपण जे खातो ते गोठवून वितळवलेलं असू शकतं, आणि तेच बरं. जपानच्या काही डोंगराळ भागांत मात्र कार्प मासा कच्चा खातात. पातळ काप थंड पाण्यात धुऊन. त्याआधी मासा स्वच्छ वाहत्या पाण्यात ठेवतात, चिखलाचा वास जावा म्हणून. तेवढं पाणी त्यांच्याकडे असतं.

म्हणजे साशिमीचा काप ही पाण्याबद्दल दिलेली ग्वाही असते. समुद्रापासून, बर्फापासून, सुरी धुतलेल्या नळापर्यंत सगळ्या पाण्याबद्दल. ही ग्वाही नागपुरात नॉर्वेहून विमानाने विकत आणता येते. कुहीत काय आहे?

कुहीत नाग नदी येते. लाव्याच्या टेकड्यांकडून निघते, नागपूर शहराच्या मधोमध वाहते, शहराचं सांडपाणी अंगावर घेते, आणि आमच्या तालुक्यात सावंगीजवळ कन्हानला मिळते. कन्हान पुढे वैनगंगेला. त्याच्या खाली गोसीखुर्दचा जलाशय. राजीव गांधींनी १९८८ मध्ये पायाभरणी केली, २००८ मध्ये राष्ट्रीय प्रकल्प झाला, आणि कुही तालुक्यातली गावं त्याच्या पाण्यासाठी उठली. ढिवरांची नदी गेली, त्या जागी तलाव आला, आणि त्या तलावात नागपूर येऊन मिळालं. शहर कन्हानचं पाणी वरच्या बाजूला पिण्यासाठी उचलतं आणि नागमार्गे खाली परत करतं. आम्ही ज्या हॉटेलात सॅमन खाल्ला, तिथल्या बेसिनमध्ये मी हात धुतले. ते पाणी कुठे जातं याचा विचार तेव्हा मनात आला नव्हता. ते माझ्याआधी घरी पोचायला निघालं होतं.

आणि गंमत पाहा. नाग नदीच्या शुद्धीकरणाच्या प्रकल्पाला केंद्राने २०२१ मध्ये मंजुरी दिली. खर्च दोन हजार कोटींच्या घरात, आणि आधार जपानच्या 'जायका' या संस्थेच्या कर्जाचा. कामठीचं विहार, मेन्यूच्या शेवटच्या पानावरची सुशी, आणि आता सांडपाण्याच्या नळांसाठी कर्ज. या तिसऱ्या जपानवर कुणी माहितीपट काढणार नाही, त्याला फिलिप ग्लासचं संगीत शोभणारही नाही. पण मला जिरोंच्या सिनेमानंतर तोच बघायचा आहे.

सिनेमा मी मागच्या महिन्यात दुसऱ्यांदा पाहिला. या वेळी ट्यूनावाल्यावर नजर खिळली. तो माशाला हात लावतो, तुकडा बोटांत चुरडतो, प्रकाशात धरतो, आणि नको असेल तर रिकाम्या हाताने परत जातो. हे कुठेतरी पाहिलंय असं वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवशी बाजारात गेलो. मासोळीवाल्या मावशी नेहमीच्या कोपऱ्यात, समोर ओल्या पोत्यावर रोहू, दोन मरळ, थोडे झिंगे. मरळीला राख चोळून खवले काढणं चाललं होतं. हात बघत उभा राहिलो. एवढी वर्षं त्यांच्याकडून मासोळी घेतली, हात पहिल्यांदाच पाहिले. पुढच्या बाईने रोहूचा कल्ला उघडून आतला लाल रंग पाहिला, नाकाशी नेला, पोटाला बोट दाबलं.

"खालची हाय का वो?"

"नाई वो माय. संगमाच्या वरची. खालची आमी आनतच नाई, पोरं जाळंच नाई टाकत थ्या पान्यात."

बाईने आणखी एकदा वास घेतला, मान हलवली, आणि मासोळी ठेवून निघून गेली. मावशींनी काही म्हटलं नाही. पाण्याचा हबका मारला आणि माझ्याकडे पाहिलं.

मी कल्ला उघडून पाहिला. मला त्यातलं काही कळत नाही. "आंबट टाकजो सांग मायले," त्या म्हणाल्या, आणि अर्धा किलो तोलायला घेतली.